दोन बोटं मोठी काच

काच बसली नाय.

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी — काच उचलली, टेबलावर आणली, खाली सोडायला गेलो तर खाचेत उतरेना. तिच्याकडची कड बसली, माझ्याकडची वर राहिली. परत उचलली, सरकवून बघितली. माझ्याकडची बसली, तिच्याकडची राहिली. दोन बोटं मोठी. मग ती म्हणाली, "ठेवा बाजूला, हात कापतील." काच भिंतीला टेकवली आणि ती चहा करायला आत गेली.

एवढंच. यात सांगण्यासारखं काय आहे? नवरा-बायको, एक टेबल, एक न बसलेली काच.

पण ती आत गेल्यावर मी काय केलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाय. आणि त्याच्या तीस-बत्तीस वर्षं आधी जे केलं, तेही नाय. भावाला नाय. रंजनाला नाय — रंजना म्हणजे आमची पोरगी, एकुलती, कल्याणला दिलेली. देवापुढं पण तोंड उघडलं नाय. देवापुढं तर नायच. का, ते पुढं येईल.

तुमाला सांगतोय कारण तुमी मला ओळखत नाय.

मी सुतार. मुरबाडहून माळशेजकडं जाताना टोकावडं लागतं, त्याच्या अलीकडं आमचं गाव. हाताखालून किती दारं, किती खिडक्या, किती पाळणे गेले, मोजले नाय. शाळा तिसरीपर्यंत. लिहायला येतं, पण हळू — हे लिहायला किती दिवस लागले ते विचारू नका. बायकोचं नाव शेवंती. ती सातवी पास. तिचं माहेर डोळखांबच्या बाजूला, शहापूर तालुक्यात, डोंगरातलं.

टेबलाचं आधी सांगतो. आमचा जावई नितीन, त्याला लहानपणापासून व्हिडिओ गेमचं वेड. त्यानं एक खोकं मागवलं होतं. त्यात एक स्क्रीन, दोन दांड्या, लाल-निळी बटणं, वायरींचा गुंता आणि नकाशाची सात पानं. लाकूड नाय. लाकूड आपलं आपण कापायचं, जोडायचं, आणि झालं की त्याचं टेबल होतं — बसायच्या उंचीचं. स्क्रीन मधोमध आडवी, वरून काच. दोन माणसं समोरासमोर बसतात, ज्याची त्याची दांडी ज्याच्या त्याच्या बाजूला. काचेवर चहाचा कप ठेवा आणि खेळा. नितीनला वेळ कुठला? दोन वर्षं खोकं त्याच्या पलंगाखाली पडून राहिलं. मग गणपतीला आला तेव्हा घेऊनच आला.

"मामा, तुमी मिस्त्री. तुमीच करा. आणि कल्याणला नको, इथंच ठेवा. आमी आलो की खेळू, नाय तर तुमी दोघं खेळा."

मी नकाशा हातात घेतला. सगळी मापं मिलीमीटरमध्ये. मी बघितल्यासारखं केलं, मान हलवली आणि पानं शेवंतीकडं दिली.

आता ते सांगायलाच लागणार.

मला टेप वाचता येत नाय. येत नाय म्हणजे — आकडे ओळखतो. पण दोन आकड्यांच्या मधल्या बारीक रेघा, इंचाचे आठ सूत, ते मोजायला लागलो की माझा डोळा भरकटतो. एकदा पाच येतात, एकदा सहा. सुताराला टेप वाचता येत नाय हे कोणाला सांगणार? माझा बाप काठीवर काम करायचा. बांबूची सरळ काठी घ्यायची, चौकटीत धरायची, पटाशीनं खाच पाडायची. खाच ते माप. त्याला आकडा नाय लागत. पण माझ्या वेळेला टेप आला आणि गिऱ्हाईक आकडा विचारायला लागलं.

मग शेवंती यायची कामावर. लग्न झालं त्या वर्षापासून. लोकांना वाटायचं, बायको टेपाचं टोक धरायला आणतो. ती टोक धरायची नाय. वाचायचं टोक तिच्याकडं असायचं. ती आकडा हळूच बोलायची आणि काठीवर खूण करून द्यायची. मी काठीवरून कापायचो. आकडा विचारला की तिनं बोललेला मोठ्यानं सांगायचो. असं आमचं चाललं होतं. चांगलं चाललं होतं. ती कधी कोणाला बोलली नाय. रंजनाला पण नाय.

तर देवळाचं.

तिच्या माहेरच्या गावानं देऊळ नवं केलं. गाभाऱ्याचं दार करायचं होतं. तिनं भावाकडं माझं नाव टाकलं — "आमचे मिस्त्री करतील." गावानं त्यासाठी सागाचा एक ओंडका कितीतरी वर्षं जपून ठेवलेला. त्याच्या फळ्या काढलेल्या, सुकवलेल्या. तसला साग परत कुठून आणणार?

सकाळी लवकर, कोणी यायच्या आधी, तिनं माप घेतलं. दार चौकटीच्या खाचेत बसतं, म्हणून माप खाचेपासून खाचेपर्यंत घ्यायचं असतं. तिनं तसंच घेतलं. काठीवर खूण करून दिली. मी काठी फळ्यांपाशी ठेवली. सगळं झालेलं होतं. नुसतं कापायचं होतं.

तेवढ्यात गावातली माणसं येऊन बसली. तिचा थोरला भाऊ, अजून पाच-सहा म्हातारे. मी काठी उचलली तसा त्यातला एक म्हणाला, "काय हो पाव्हणं, तुमच्या मुरबाडाकडं टेप अजून पोचला नाय काय?"

सगळे हसले. तसं वाईट काय नव्हतं त्यात. पाव्हण्याची चेष्टा करतातच.

मी काठी खाली ठेवली. टेप खेचला आणि स्वतः चौकटीपाशी गेलो — ऐटीत, एक डोळा मिटून, मोठा वाचणारा असल्यासारखा. आणि मोकळ्या जागेचं माप घेतलं. खाच सोडून दिली. शेवंती तिकडं चहाच्या चुलीपाशी बायकांत होती. तिनं बघितलं पण नाय.

मी फळ्या कापल्या.

दार उभं केलं तर दोन बोटं कमी. खाचेतून आरपार उजेड दिसायला लागला. थोरला मेव्हणा म्हणाला, "हे कुठल्या मापानं कापलं?"

इथं थांबतो जरा.

तुमाला वाटंल, तोंडातून निघून गेलं असंल. नाय. मला विचार करायला वेळ होता. मी हातातली करवत खाली ठेवली, हात झटकले, कपाळ पुसलं. तेवढा वेळ होता. आणि मग मी बोललो, "मघाशी टेप नुसता तुमाला दाखवायला लावला. माप सकाळचंच. हिनं वाचलं. चुकीचं वाचलं."

तिला हाक मारली. ती पदरानं हात पुसत आली. दार बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तू सांगितलंस तेच कापलं." इतक्या ठामपणे म्हणालो की मलाच खरं वाटलं. ती सकाळचा आकडा आठवायला लागली — ओठ हलताना दिसत होते मला. मग तिच्या भावांपुढं, तिच्या गावापुढं, ती म्हणाली, "चुकलं असंल माजं."

असंल म्हणाली. तिला माहीत नव्हतं. नवरा मिस्त्री आहे, तो सांगतो म्हणजे तसंच असणार.

काठी तिथंच फळ्यांखाली पडलेली होती. तिच्यावर तिनं पाडलेली खूण, बरोबर. कोणी उचलून चौकटीत धरली असती तर? मी ती उचलली, दोन तुकडे केले आणि चहाच्या चुलीत घातले. एक बाई म्हणाली पण, "पाव्हणं, चांगली काठी जाळता?" मी म्हणालो, वाकडी झालीय.

दाराला एका कडेनं दोन बोटं रुंद फळी जोडून दिली. अजून आहे. सागाचा रंग काळा पडला, त्या फळीचा पडला नाय, कारण ती दुसऱ्या लाकडाची. गावानं तिचं नाव ठेवलं — शेवंतीची फळी. जत्रेला पाव्हणे आले की तिचा भाऊ हात लावून दाखवायचा, "ही बघा आमच्या शेवंतीची फळी." हसून. मायेनंच. ती पण हसायची. पण गाभाऱ्यापर्यंत जायची नाय, खांबापासूनच हात जोडायची. मी तिच्या शेजारी उभा राहायचो. मी पण हात जोडायचो.

हे झालं. मग मी विसरलो असं म्हणू का? म्हणत नाय. पण एवढंच असतं तर कदाचित विसरलो असतो.

पुढच्या वर्षी आमच्या गावात अंगणवाडी निघाली. सातवी झालेली सून गावात दोनच, त्यात शेवंती एक. सरपंच स्वतः घरी येऊन गेले. पोरांची वजनं घ्यायची, उंची मोजायची, वहीत लिहायची, खाऊ वाटायचा. ती दोन दिवस खूश होती. रंजना तेव्हा पाच वर्षांची — तिलाच उभी करून दाराला टेप लावून मापून बघत होती. मग तिचा भाऊ कसल्यातरी कामानं आला आणि ओटीवर चार माणसांत म्हणाला, "हिला मापं घ्यायला ठेवताय? पोरं दोन बोटं कमी भरतील रे बाबांनो!"

लय हसले. मी पण हसलो.

दुसऱ्या दिवशी ती सरपंचांच्या घरी जाऊन सांगून आली, "मला आकडे नाय जमत. दुसरी बघा." मला विचारलं नाय तिनं. विचारलं असतं तर? काय बोललो असतो? मला माहीत आहे काय बोललो असतो, म्हणून लिहीत नाय.

त्यानंतर ती माझ्याबरोबर कामाला येईना. मी पण परत काठीवर गेलो, साध्या कामांवर गेलो. गायीचे गोठे, खाटा, नांगर. चौकटी सोडल्या. लोकांना सांगायचो, पाठ दुखते.

आणि रंजना. ती गणितं घेऊन शेजारच्या मास्तरांकडं जायची. भर पावसात, डोक्यावर गोणपाट घेऊन. घरात आई सातवी पास, चुलीपाशी भाकऱ्या थापत बसलेली. एकदा मी विचारलं, आईला का नाय विचारत गो? रंजना म्हणाली, "आईचं चुकतं." शेवंतीनं ऐकलं. भाकरी उलटली.

मी तेव्हा बोलू शकत होतो. घरात तिघंच होतो. बाहेरचं कोणी नव्हतं. लाज धरायला तरी कोण होतं?

आता टेबलाकडं येतो.

तिनं नकाशाची पानं आधी घेतली नाय. "माज्याकडं नका देऊ. नितीनरावांना फोनवर विचारा." मी म्हणालो, वाच गो, कोण बघतंय. मग तिनं चष्मा लावला. आणि कामाला लागलो आमी, पडवीत. मी प्लाय आणला. ती एकेक माप वाचायची — तीन वेळा. एकदा वाचायची, बोट ठेवून परत वाचायची, मग टेपावर बघून परत. मग म्हणायची, "तुमी पण बघा हो." आणि मी बघितल्यासारखं करून म्हणायचो, बरोबर आहे. दोन महिने. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागं तिनं सगळी मापं मोठ्या आकड्यांत उतरवून काढली, प्रत्येकापुढं छोटं चित्र — बाजू, तळ, झाकण, काच — आणि पान खिळ्याला लावलं.

टेबल असं जुळलं की काय सांगू. मी हयातीत इतकं सरळ काम केलं नव्हतं. गुण्या लावला की चारी कोपरे सारखे. बटणांची भोकं तिनं आखून दिली, बटणं कटकन बसली. वायरी नितीननं फोनवर बघत आमच्याकडून जोडून घेतल्या. चालू केलं तर एक छोटं विमान आणि वरून दगड पडणारे. एकाची पाळी संपली की चित्र उलटं होतं, समोरच्याकडं तोंड करतं. पहिल्यांदा चित्र तिच्याकडं फिरलं तेव्हा ती म्हणाली, "अवो, हा टीव्ही वळून माज्याकडं तोंड करतो. ह्या घरात पहिल्यांदाच कोणी केलं."

चांगली खेळायची. माझं विमान लगेच फुटायचं. तिचं टिकायचं.

मग काच राहिली. मुरबाडला काचवाल्याकडं जायचं होतं. निघताना ती म्हणाली, "पान घेऊन जा. काचेचं माप आतल्या खाचेचं लिहिलंय." मी म्हणालो, आकडा पाठ झालाय, आणि पान खिळ्यावरच ठेवलं. काय सांगू — बायकोनं लिहिलेला कागद दुकानात पुढं करायचा? आयुष्यभर सुतारकी केलेल्या माणसानं? ती मागीलदारी होती तेवढ्यात मी टेप लावला आणि टेबलाच्या बाहेरच्या कडेपासून माप घेतलं. कडेपासून कडेपर्यंत. तेव्हा खाच सोडली होती, आता खाचेच्या बाहेर गेलो. तीस वर्षांत एवढंच शिकलो.

काचवाल्यानं विचारलं, "बाबा, माप पक्कं ना? ही भट्टीतली काच. एकदा तापवून निघाली की परत कापता येत नाय." मी म्हणालो, पक्कं.

तर काच बसली नाय, हे सांगितलंच.

ती चहा करायला गेली तेव्हा मी खिळ्यावरचं पान काढलं. काचेच्या चित्रापुढचा आकडा बघितला. टेप टेबलाच्या खाचेत धरला. बारीक रेघा मोजल्या — बोटानं, एकेक, घाई न करता. जमलं. दोन महिने ती मोजताना बघत होतो, थोडं तरी येणारच. आकडा जुळला. तिचं बरोबर होतं. तीन वेळा मोजलं, तिच्यासारखं. तीनही वेळा तिचं बरोबर. पान परत खिळ्याला लावलं.

ती चहा घेऊन आली. मला कप दिला, स्वतः बशी घेतली. टेबलाच्या तिच्या बाजूला बसली. काचेकडं बघत म्हणाली, "माजंच चुकलं असंल. तीन तीन वेळा वाचलं हो मी. तरी चुकलं असंल."

मी चहा पीत होतो. मी म्हणालो, "हं."

तिनं बशी रिकामी केली. "नितीनरावांना वाईट वाटंल," म्हणाली. मग कोंबड्या कोंडायला उठली. खुराड्यापाशी गेली आणि तिथंच बसली. मी हाक मारली तर ओ दिली नाय. शेजाऱ्यांनी गाडी आणेपर्यंत संपलं होतं.

रडलो का? नाय. अजून नाय. सगळं लांबून दिसल्यासारखं दिसतं. कोणी काय विचारलं तर उत्तर देतो. जेवायला वाढलं तर जेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. रंजना आणि नितीन आलेले होते. तिला पडवीत ठेवलेली, म्हणून टेबल उचलून अंगणात काढलं. नितीन काच उचलायला गेला. टेबल बघितलं, काच बघितली, आणि हळूच, बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून बोलतात तसं, म्हणाला, "मामा, काच मोठी आली काय?"

तिचं डोकं रंजनाच्या मांडीवर होतं.

मी म्हणालो, "तिनं वाचलं चुकीचं."

रंजना रडता रडता थोडी हसली. आईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आईला आकडे कधी जमलेच नाय."

मग मी उठलो. पान अजून खिळ्यालाच होतं. काढलं, घडी केली. अंगणात तिच्या आंघोळीचं पाणी तापत ठेवलेलं, तीन दगडांची चूल. जाळ कमी होता. मी खाली बसलो, पान जाळात सरकवलं, वरून दोन काटक्या घातल्या आणि फुंकर मारली.

पाणी तापलं. बायका आल्या आणि हंडा उचलून घेऊन गेल्या.